नाण्यावरचं बोट

१

टांकसाळीत नोकरी म्हटलं की लोक डोळे मिचकावतात. "मजा आहे बाई तुमची, पैशांत खेळता." कसले पैसे घेऊन बसलात. खणखणीत नाणं माझ्या टेबलावरून क्षणात पुढे जातं, त्याचं तोंडही मला आठवत नाही. माझ्यापाशी उरतात ती बिघडलेली, आणि त्यांना कुणी बिघडवलं ते शोधून काढायचं हे माझं काम. तपासणीची मुख्य आहे मी. केस याच खोलीत पांढरे झाले. कारखान्यात मला पाठीमागे 'भिंगबाई' म्हणतात हे मला ठाऊक आहे. म्हणू देत.

यंत्रात जे बिघडतं ते नाणं अंगावर घेऊन येतं. कोरी चकती दोन पोलादी डायच्या मधे दाबली की तिचं नाणं होतं. डायला तडा गेला, तर धातू त्या तड्यात घुसतो आणि नाण्यावर उठावाची रेघ येते. चकती यायची चुकली आणि दोन्ही डाय रिकाम्याच एकमेकींवर आपटल्या, तर एकीचं चित्र दुसरीला लागतं, आणि पुढच्या प्रत्येक नाण्यावर एका बाजूच्या आकड्यामागे दुसऱ्या बाजूच्या झाडाची फिकट सावली दिसते. पण खूण खोलगट असेल, तर डायचा दोष नाही. मग मधे काहीतरी आलेलं असतं. दोरा, चिंधी, एखादा केस. केसाचासुद्धा ठसा उमटतो, इतका तो दाब. नव्या माणसांना मी सांगते, उठाव दिसला तर डायला विचारा, खोलगा दिसला तर माणसांना विचारा.

माणसांमध्ये पहिले आमचे साहेब, म्हणजे कारखान्याचे व्यवस्थापक. काहीही दाखवा, लांबूनच बघून म्हणणार, "मर्यादेत आहे." किती दोष चालवून घ्यायचा याची एक मर्यादा ठरलेली असते, ते खरं. पण या गृहस्थांची मर्यादा रबराची. कामगारांनी त्यांचं नावच 'मर्यादासाहेब' पाडलंय.

त्यांची एक हौस आहे. पाहुणे आले की त्यांना चार नंबरच्या प्रेसपाशी न्यायचं, जाळीचं दार उघडायचं, आणि चालत्या यंत्राच्या तोंडाशी हात घालून ताजं नाणं दोन बोटांत उचलून पाहुण्याच्या तळहातावर ठेवायचं. नाणं गरम असतं. पाहुणे दचकतात, मग हसतात. साहेबांच्या तर्जनीतल्या अंगठीला मोठा चौकोनी खडा आहे, तोही त्या वेळी छान चमकतो.

आता, जाळीचं दार उघडलं की प्रेस थांबलीच पाहिजे. त्यासाठी चौकटीत कळ बसवलेली आहे. पण थांबलेल्या यंत्रातून नाणं काढण्यात काय थाट? म्हणून त्या कळीच्या फटीत एक वाया गेलेलं नाणं ठोकून बसवलेलं असायचं. कळीला वाटायचं, दार बंदच आहे. पाहुणे गेले तरी ते नाणं तिथेच राही, कारण अडकलेली चकती यंत्र न थांबवता बोटाने उडवता येते आणि दिवसाचं काम पुरं होतं. मी ते नाणं नखाने उचकटून फेकायची. दुसऱ्या दिवशी तिथे दुसरं असायचं. पालथ्या घड्यावर पाणी.

२

चार नंबरचा सेटर माझा धाकटा भाऊ. डाय बसवणं, दाब जुळवणं, अडलं-नडलं बघणं सगळं त्याच्याकडे. त्याला सगळे 'घड्याळजी' म्हणतात, कारण फावल्या वेळात तो लोकांची बंद पडलेली घड्याळं दुरुस्त करतो. त्याच्या घरी भिंतीवर इंचभर जागा मोकळी नाही, सगळी दुसऱ्यांची घड्याळं, आणि सगळी आपापल्या चालीनं बडबडणारी. माझी भावजय म्हणते, "ताई, मला सवत असती तरी एकच असती." नोकरी सोडून दुकान काढायचं त्याच्या मनात होतं. दुकानाला जागा मिळाली नव्हती, पण पाटी रंगवून माळ्यावर ठेवलेली होती. असा माणूस.

तर एके सकाळी चार नंबरची नाणी माझ्यासमोर आली. मी दिवा तिरका धरते, म्हणजे बारीकसारीक खळगाही सावली टाकतो. नाण्याच्या एका बाजूला आकडा आणि दुसऱ्या बाजूला झाड. झाडाच्या मुळांशी, अगदी कडेला, चंद्रकोरीच्या आकाराचा एक खोलगा होता. मला वाटलं, चिंधी अडकली असेल. भिंग लावलं. खोलग्यात बारीक समांतर रेघा होत्या, एकाशेजारी एक, कमानीसारख्या वळलेल्या. कापडाची वीण आडवी-उभी असते. ही वीण नव्हती.

मी भावाला बोलावलं.

"तुझ्या यंत्राच्या तोंडात काय कोंबलंयस?"

त्यानं भिंग घेतलं, बघितलं, आणि हसला. "बोट दिसतंय, ताई."

"मलाही डोळे आहेत. कुणाचं?"

"कुणाचं असणार? तेलकट हातानं चकत्या हाताळल्या असतील कुणीतरी. धुवून घेतो."

चकत्या धुतल्या. डाय पुसली, मग सरळ बदलूनच टाकली. नवी कोरी, मी स्वतः भिंगाखालून काढलेली. दुपारच्या नाण्यांवर तीच कोर, त्याच जागी. फक्त सकाळपेक्षा जरा मोठी होती.

३

मी भुताखेतांवर विश्वास ठेवत नाही. भुताला काय टांकसाळीत काम? मी धातूचं शिकलेली बाई आहे, आणि धातूला लहर नसते. म्हणून मी एकेक शक्यता घेतली आणि निकालात काढली.

तेलाचा डाग? त्याचा ठसा पुसट येतो, त्यात रेघा मोजता येत नाहीत. रबरी हातमोजा? त्यावर असले भोवरे नसतात. कुणाची मस्करी, डायवर कोरलेलं काही? मग खूण उठावाची आली असती, आणि डाय बदलल्यावर गेली असती. काय उरलं? मधे बोट आलं होतं, एवढंच उरलं. चकती आणि डाय यांच्या मधे, दाब पडतानाच्या क्षणी.

एवढं कागदावर मांडलं तेव्हा मला माझाच राग आला. कारण बोट असं एकदाच मधे येऊ शकतं. एका ठोक्याला एक बोट, आणि ते संपलं. इथे तर ट्रे भरभरून नाणी येत होती आणि प्रत्येकावर तोच ठसा होता, अखंड, स्वच्छ, कुठे फाटलेला नाही, चुरगळलेला नाही.

तरी मी प्रेसच्या दालनात गेले आणि सगळ्यांचे हात बघितले. हसू नका. हसणारे तिथेही होते. "भिंगबाई आता भविष्य सांगणार वाटतं," कुणीतरी म्हणालं. मी एकेकाला हात पुढे करायला लावले. काळवंडलेले हात, सोललेले हात, एकाची करंगळी जन्मापासून वाकडी. पण बोटं सगळ्यांची जागच्या जागी होती. एखादं कमी असतं तर मला एवढी भीती वाटली नसती.

परत येताना चार नंबरच्या चौकटीतलं ते ठोकलेलं नाणं मी उचकटून काढलं. सवयीनं त्याच्याकडे बघितलं. त्याच्यावरही कोर होती.

४

डाय बनवणारे ठसे घ्यायला एक मऊ मेण वापरतात. त्याचा गोळा घेऊन मी संध्याकाळी भावाच्या घरी गेले. भावजयीनं चहा टाकला. घड्याळं टिकटिकत होती, सगळी मिळून त्या खोलीत एक सततची कुरकुर असते, आणि सवय झाली की ती बरी वाटते.

"यात बोट दाब," मी म्हटलं. "उजव्या हाताचं. अंगठ्याशेजारचं."

"पोलिसात लागलीस की काय?"

"दाब म्हणते ना."

त्यानं दाबलं. मी पिशवीतून त्या दिवशीचं नाणं काढलं आणि मेणाशेजारी दिव्याखाली धरलं. आत्तापर्यंत कडेवरची कोर वाढून नखाएवढी झाली होती. कमानीसारख्या रेघा, त्यांच्या मधोमध छोटा भोवरा, आणि भोवऱ्यावरून तिरकी गेलेली एक कोरी पट्टी, जिथे रेघाच नाहीत. लहानपणी सायकलच्या साखळीत बोट गेलं होतं, त्याचा तो व्रण. मेणात होता, आणि नाण्यात होता.

भावानं नाणं आणि मेण शेजारी शेजारी धरून बघितलं. मग म्हणाला, "चला, नाव नाही तर नाही, निदान बोट तरी नाण्यावर आलं. आजवर फक्त राजांचंच काय काय यायचं."

"मस्करी पुरे. तू यंत्रात हात घालतोस?"

"सगळेच घालतात, ताई."

"मी सगळ्यांचं विचारलं नाही. आकडी दिलीय ना पितळेची? ती कशाला, कान कोरायला?"

"आकडीनं चकती उडवायला दार उघडा, आकडी शोधा, दार लावा. तेवढ्यात प्रेस किती नाणी मारते माहितीय? काम कमी पडलं की साहेब मला विचारतात, तुला नाही."

"आणि फटीतलं नाणं कोण ठोकतं?"

त्यानं मेणाचा गोळा माझ्याकडे परत सरकवला. मला एवढा संताप आला की चहा तसाच राहिला. साहेबांचा आला, त्याचाही आला. माणसं स्वतःचा हात उचलून देतात आणि वर हसतात. "उद्यापासून दार लावून काम करायचं," मी म्हटलं. "माझी शपथ आहे."

"बरं बाई," तो म्हणाला, आणि कुणाचं तरी मनगटी घड्याळ उघडून बसला. त्यातली केसाएवढी स्प्रिंग त्यानं चिमट्याशिवाय, नुसत्या दोन बोटांनी उचलली. ते मी बघत बसले.

५

शपथ त्यानं पाळली. चार नंबरचं काम मागे पडलं. साहेबांनी त्याला बोलावून सगळ्यांसमोर झापलं, आणि दुसऱ्या दिवशी फटीत नाणं परत होतं. कुणी ठोकलं ते कुणालाच ठाऊक नाही. असल्या बाबतीत आमच्याकडे सगळे कानांवर हात ठेवतात.

मी माझ्या खोलीचं दार लावून घेतलं. पहिल्या दिवसापासूनची नाणी मी ट्रेमधून वेगळी काढून ठेवली होती. ती हिरव्या कापडावर ओळीनं मांडली, जशी छापली गेली तशी. तिरका दिवा लावला. भिंतीपलीकडे प्रेस चालल्या होत्या. प्रत्येकीचा ठोका निराळा असतो. एक नंबर जरा घोगरी, तीन नंबर अडखळते. चार नंबरचा ठोका सगळ्यांत सरळ, भावानं जुळवलेला, भिंतीवरच्या घड्याळासारखा.

पहिल्या नाण्यावर कोर. पुढे नखाएवढा ठसा. पुढे पेर. मग त्या बोटाच्या शेजारी दुसऱ्या बोटाचं टोक, मधल्या बोटाचं, कडेवरून जेमतेम आत डोकावणारं. पुढच्या ओळीत पहिलं बोट झाडाच्या बुंध्यापर्यंत आलेलं, दुसरं त्याच्या मागोमाग. प्रत्येक नाण्यावर ती किंचित पुढे सरकलेली होती. मी ओळीवरून नजर भरभर फिरवली आणि ती चालताना दिसली.

इतके दिवस मी त्याला खूण म्हणत होते. जे घडून गेलं त्याची खूण राहते. इथे काही घडून गेलेलं नव्हतं. तो हात आत येत होता.

मी ट्रे उचलला आणि साहेबांच्या खोलीत गेले. बोलायचं ते नीट बोलले. यंत्रात हात जातोय, नाण्यांवर ठसे येतायत, कळीत नाणं ठोकलेलं आहे, चार नंबर आज बंद करा, सेटरला दुसरीकडे हलवा. ठसे कुणाचे आणि कसे, ते मी गिळलं. ते सांगितलं असतं तर त्यांना सुटायला वाटच मिळाली असती.

साहेबांनी एक नाणं उचललं. खिडकीकडे धरलं. भिंगसुद्धा मागितलं, हे मला चांगलं आठवतं, कारण एरवी ते मागत नाहीत. बघता बघता त्यांचा चेहरा जरा उतरला. नाणं त्यांनी ट्रेमध्ये टाकलं आणि बोटं रुमालाला पुसली.

"कुणाचा भाऊ तो? तुमचाच ना?"

"त्याचा इथे काय संबंध?"

"भावासाठी यंत्र बंद करायचं म्हणता. कारण काय लिहू?"

"हे काय कारण नाही?" मी ट्रे पुढे सरकवला.

त्यांनी ट्रेकडे बघितलंच नाही. अंगठी बोटात गोल फिरवत म्हणाले, "बाई, नुसत्या डोळ्यांनी दिसतंय का? नाही ना. मर्यादेत आहे."

६

मी भावाला म्हटलं, रजा टाक. तो म्हणाला, महिनाअखेर आहे, सोडणार नाहीत. मी म्हटलं, आजारी पड. तो म्हणाला, बरं, सोमवारपासून पडतो. आणि हसला. मला रडू येत होतं आणि हा हसत होता.

शनिवारी सकाळी उजेडात, सगळे जागे असताना, चहा नुकताच फिरून गेलेला असताना, मी माझ्या टेबलाशी बसले होते. खिडकीतून ऊन ट्रेवर पडलं होतं. समोर चार नंबरची ताजी नाणी होती. दोन्ही बोटं आता दुसऱ्या पेरापर्यंत आत आलेली. कालही तिथवरच होती. आज ती पुढे सरकली नव्हती, म्हणून मला थोडं हायसं वाटलं होतं. एक नाणं संपवून मी दुसरं घेतलं. त्याहीवर तसंच. मग मला जाणवलं, की सरकायचं थांबलेला हात म्हणजे जिथे पोचायचं तिथे पोचलेला हात.

मी उठले. खुर्ची पडली. भिंतीपलीकडे चार नंबरचा ठोका ऐकू येत होता, सरळ, नेमका. दाराच्या कडीला मी हात घातला आणि त्याच वेळी एक ठोका मऊ पडला.

एवढंच. बाकीचं मला सांगता येणार नाही, सांगायचंही नाही. लोखंडावर लोखंड पडल्याचा आवाज आयुष्यभर ऐकला, त्यातला एकच ठोका उशीवर पडल्यासारखा वाजला. आणि पुढचा ठोका पुन्हा खणखणीत. त्याच्या पुढचाही. यंत्र थांबलंच नाही. दार उघडं होतं, माणसं ओरडत होती, आणि कळीला वाटत होतं की दार बंद आहे.

७

दोन बोटं गेली. दुसऱ्या पेरापासून.

चौकशी बसली. बाहेरून तीन माणसं आली, त्यांना सरबत दिलं गेलं. कळीच्या फटीत काहीही नव्हतं. फट तेल लावून पुसून लख्ख केलेली होती. साहेब म्हणाले, सेटरनं नियम मोडून दारातून हात घातला, मी वारंवार ताकीद दिली होती. वारंवार. हा शब्द ऐकून दालनातले दोघे-तिघे जमिनीकडे बघायला लागले, पण तोंड कुणी उघडलं नाही. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ती ही.

मी उभी राहिले. म्हटलं, साहेबांना आधीच कळवलं होतं. माझ्याकडे पुरावा आहे. आणि पहिल्या दिवसापासूनची नाणी ज्या डब्यात कुलूप लावून ठेवली होती तो डबा मी त्या तिघांपुढे उघडला.

त्यांच्यातल्या एकानं नाणं उचललं. उलटं केलं, सुलटं केलं. भिंग लावलं. दुसरं उचललं.

"यांच्यात काय बघायचं?"

मी पुढे झाले. झाड होतं, मुळं होती, कड होती. कडेला काही नव्हतं. मी एकेक नाणं दिव्याखाली तिरकं धरलं, मूठमूठ उपसली. कोर नाही, रेघ नाही, भोवरा नाही. सगळी नितळ. मी माझ्या उभ्या नोकरीत इतकी निर्दोष नाणी बघितली नाहीत. हातातून एक खाली पडलं आणि फरशीवर असं सुरेख वाजलं की त्या तिघांनीही कौतुकानं बघितलं.

"साहेब, तुम्ही बघितलं होतं," मी म्हटलं. "भिंग घेऊन बघितलं होतं तुम्ही."

"मी नाणी बघितली होती," साहेब म्हणाले. "चांगली होती. बाईंची मनःस्थिती आपण समजू शकतो."

त्यांना आठवत होतं. ते बोलताना त्यांनी पुन्हा रुमाल काढून बोटं पुसली, कोरडी बोटं. लाज नावाची चीज नसते का माणसाला? निकाल लागला. सेटरचा निष्काळजीपणा. त्याला फाटकावर बसवलं, येणाऱ्या-जाणाऱ्यांकडे बघायला.

८

भावाच्या घरी आता शांतता असते. घड्याळांना किल्ली द्यायची ती उजव्या हातानं, आणि डाव्यानं द्यायला तो तयार नाही. "मी देते म्हटलं तर नको म्हणतात," भावजय म्हणाली. एकेक घड्याळ आपापल्या वेळी थांबत गेलं. लोक येऊन आपापली घेऊन जातात, भिंतीवर फिके चौकोन आणि गोल उरतात. तो उजवा हात टॉवेलखाली ठेवून बसतो आणि मला म्हणतो, "जाऊ दे ना, ताई." मी जाऊ देत नाही. माळ्यावर पाटी आहे. भावजयीनं ती भिंतीकडे तोंड करून ठेवलीय.

चार नंबरवर नवा सेटर आला. नवी कळ बसवली, आणि आठवडा गेला नसेल, तिच्या फटीत नाणं आलं. मी ते दोनदा काढलं. कामगारांना मी जे काही बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. नव्या सेटरला दम भरला, आकडी त्याच्या पट्ट्याला दोरीनं बांधली. तो निमूटपणे आकडी वापरतो. यंत्र थांबवल्याशिवाय दार तो उघडत नाही.

तरीही परवा नाण्यावर कोर दिसली.

मी दिवा तिरका केला. मुळांशी, कडेला, तीच जागा. रेघा होत्या, पण कमानीच्या नव्हत्या. गोल गोल होत्या, गुबगुबीत बोटाच्या, कामानं न झिजलेल्या. नव्या सेटरचं बोट मी मेणात घेतलं, उगाच. त्याचं नव्हतं. काल बोट पेरभर आत आलं. आणि आज सकाळच्या नाण्यावर त्या पेराखाली एक चौकोन उमटला होता. चारी कोपरे धारदार, तळ आरशासारखा सपाट. कातडीचा ठसा असा येत नाही. दगडाचा येतो.

मी सकाळभर नाणी ओळीनं मांडत बसले. पुढे, अजून पुढे. शेवटच्या काही नाण्यांवर ते सरकायचं थांबलं होतं.

आज पाहुणे यायचे होते. मोठे पाहुणे, बाहेरच्या देशांतले, म्हणून दालन धुवून काढलं होतं. नाणी मांडून झाल्यावर मी चार नंबरपाशी जाऊन आले. फटीत नाणं होतं. सवयीनं माझं नख त्याच्या कडेखाली गेलं. ते थोडंसं हललंही. मग मला भिंतीवरचे ते फिके चौकोन आठवले, आणि साहेबांचा रुमाल आठवला. मी हात काढून घेतला.

दारावर टकटक झाली. अंगठीनं वाजवलेली.

साहेब आत आले. नवा कोट होता. "पाहुणे आलेत," म्हणाले. "चार नंबर ठीक चाललंय ना? नाण्यांवर काही खोड? नाही म्हटलं, त्यांच्या हातात द्यायचंय."

कापडावर नाणी ओळीनं मांडलेली होती. त्यांनी मान वाकवून बघितलं असतं, तर दिसलं असतं. दिवा लावलेलाच होता. भिंगही मी त्यांच्या बाजूला सरकवून ठेवलं होतं, तेवढं मी केलं. त्यांनी लांबूनच बघितलं.

"मर्यादेत आहे, साहेब," मी म्हटलं.

त्यांनी मान डोलावली, अंगठी सरळ केली आणि ते दालनाकडे गेले. मी दिवा विझवला आणि भिंतीकडे कान लावून बसले.